वैशाखातल्या बाळाला स्वेटर कशाला?

टाक्याला टाका : वाचकांची विणकामाची पत्रं, अंबाजोगाईहून उत्तरं

थंडी सुरू झाली की या सदराची पत्रं टोपडी-मोज्यांकडे वळतात. यंदा घरच्या लेकरांबरोबरच दवाखान्यातल्या आणि ऊसतोडीला जाणाऱ्या लेकरांसाठी काय विणावं, असं विचारणारीही बरीच आहेत. नेहमीप्रमाणे नावं छापलेली नाहीत, गावं तेवढी आहेत.

■ लेकीचे दिवस एप्रिलच्या शेवटी भरतात. पहिलं बाळंतपण, म्हणजे आमच्याकडेच. बाळंतविड्यात सगळं हातानं विणलेलं द्यायची फार हौस आहे. परभणीला लोकर आणायला गेले तर दुकानदार म्हणाला, निळी देऊ का गुलाबी? मला काही सुचेना, दोन्ही अर्धा अर्धा किलो आणली. तान्ह्या बाळाच्या स्वेटरचं, टोपड्याचं, मोज्यांचं माप द्या.
— एक होणारी आजी, सेलू

आजीबाई, आधी बोटं मोजा. एप्रिलचा शेवट म्हणजे वैशाख. त्या दिवसांत सेलूला पारा चाळिशीच्या पुढे, दुपारी पंख्याची हवासुद्धा गरम लागते. त्या लेकराला लोकर घातलीत तर मानेत, काखेत, जांघेत घामोळं उठेल आणि रडून घर डोक्यावर घेईल. तान्ह्या लेकराला थंडी बाधते तशीच जास्तीची ऊबही बाधते. बारशाच्या फोटोपुरतं पाच मिनिटं घालू म्हणाल, तर त्या पाच मिनिटांसाठी पाव किलो लोकर कशाला?

स्वेटर मात्र जरूर विणा, पण मार्गशीर्षाच्या मापाचा. तोवर बाळ सात महिन्यांचं झालेलं असेल. त्या वयाला छाती साधारण ४४ सेंटिमीटर धरा. आत झबलं असणार, हातपाय चालणार, म्हणून स्वेटर ५० सेंटिमीटर घेराचा हवा. मध्यम जाडीची बाळलोकर आणि १० नंबरच्या सुया घेतल्या की माझ्या हाताला १० सेंटिमीटरमध्ये २५ टाके बसतात. त्या हिशेबाने पाठीला ६२ टाके घाला. खांद्यापासून उंची २६, बाही १७. तुमचा हात सैल असेल तर आधी वीतभर चौकोन विणून पट्टी लावून बघा. ही पायरी सगळ्याजणी गाळतात आणि मग मला पत्र लिहितात.

गळा समोरून पूर्ण उघडा ठेवा. डोक्यातून घालायचा स्वेटर सात महिन्यांच्या लेकराला चढवणं म्हणजे दोघांनी धरायचं काम. बटणं चपटी, चार भोकांची, दुहेरी दोऱ्याने पक्की. मोती, घुंगरू, लोंबता गोंडा नको. लेकराच्या हाताला जे लागतं ते तोंडात जातं आणि तिथून घशात जायला वेळ लागत नाही. गळ्याशी नाडी तर अजिबात नको. कुंचीला बंद असायचाच, मला ठाऊक आहे. तेव्हा लेकरू चोवीस तास कुणाच्या ना कुणाच्या मांडीवर असायचं.

वैशाखासाठी क्रोशाची सुई काढा. जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साडीचं किंवा धोतराचं दुहेरी दुपटं शिवा आणि त्याला सुती दोऱ्याची अगदी बारीक कड घाला : एक ओळ मुक्या खांबांची, वर तीन साखळ्यांची टोकं. मलमलच्या झबल्याच्या घेराला तीच कड. गळ्याला आणि बाहीला नको, तिथे दोरा टोचतो. अशी चार दुपटी आणि सहा झबली दिलीत तर लेक रोज तुमची आठवण काढील, कारण ती रोज लागतात.

आता निळ्या-गुलाबीचं. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा आपल्याच राज्याने १९८८ साली केला, केंद्राचा १९९४ साली आला. आणि लोकरीच्या दुकानात अजून तोच प्रश्न दुसऱ्या तोंडाने विचारला जातो. पुढच्या वेळी दुकानदाराला म्हणावं, हळदी दे, पोपटी दे. आणलेली लोकर वाया घालवू नका. निळी-गुलाबी एकाआड एक चार-चार ओळींच्या पट्ट्या घाला. लेक आली काय अन् लेक झाला काय, शोभून दिसेल.

■ आमच्या भिशीतल्या बायकांनी ठरवलं की वाढदिवसांचा खर्च वाचवून सरकारी दवाखान्यातल्या कमी दिवसांच्या बाळांना लोकरीचे संच द्यायचे. दोन महिने खपून स्वेटर, टोपडी, मोजे केले. घेऊन गेलो तर सिस्टरने टोपडी आणि मोजे ठेवून घेतले, स्वेटर परत दिले. फार वाईट वाटलं. आता दुपटी विणून द्यावीत का?
— भिशीच्या मैत्रिणी, लातूर

सिस्टरवर रागावू नका. त्या कक्षात काय चालतं ते सांगते, मग स्वेटर का परत आले ते तुम्हीच सांगाल.

३७ आठवडे भरायच्या आत आलेलं लेकरू कमी दिवसांचं, आणि जन्मताना अडीच किलोच्या आत भरलेलं ते कमी वजनाचं. अशा लेकराच्या कातडीखाली चरबी नसल्यातच जमा, त्यामुळे अंगातली ऊब टिकत नाही. त्याला वॉर्मरखाली ठेवतात. वरून येणारी ऊब थेट कातडीला लागायला हवी, म्हणून लेकरू उघडंच असतं. कावीळ झाली की निळ्या उजेडाखाली. तिथे डोळ्यांवर पट्टी आणि कमरेला लंगोट, बाकी काही नाही. छातीला तारा चिकटवलेल्या, मनगटाला सलाइनची सुई. त्या हातात बाही घालायची कशी?

जरा सावरलं की लेकराला आईच्या उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून, उभं बांधून ठेवतात. याला कांगारू मदर केअर म्हणतात. कोलंबियाच्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांनी १९७८ साली हे सुरू केलं, कारण दवाखान्यात लेकरांना उबेत ठेवायच्या काचेच्या पेट्या पुऱ्या पडत नव्हत्या. गरिबीतून निघालेली ही युक्ती आज जगभर चालते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली सांगितलं, की जन्मानंतर होईल तितक्या लवकर हे सुरू करावं आणि दिवसाचे किमान आठ तास, जमलं तर चोवीस तास करावं. यात लेकराच्या अंगावर टोपडं, लंगोट आणि मोजे, एवढंच असतं. मायलेकरांच्या मधे तुमचा स्वेटर आला की सगळं मुसळ केरात. सिस्टरने नेमकं जे लागतं तेच ठेवून घेतलं.

तेव्हा पुढच्या खेपेला फक्त टोपडी आणि मोजे, पण भरपूर. टोपडं दुधाने, ओकारीने, घामाने दिवसातून दोन-तीनदा ओलं होतं, आणि ओलं टोपडं ऊब देण्याऐवजी ओढून घेतं. एका लेकरामागे तीन टोपडी धरा.

विणायच्या आधी त्या कक्षाच्या इनचार्ज सिस्टरना भेटा आणि विचारा : लोकर चालते का फक्त सूत, कोणत्या मापाची कमी पडतात, धुऊन आणायची का तिकडे धुतात. कुठे लोकर अजिबात घेत नाहीत, कुठे आनंदाने घेतात. मोठ्या साहेबांना निवेदन, फोटो, पेपरला बातमी हे सगळं नंतर. खरं तर नाही केलंत तरी चालेल. नुकत्या बाळंत झालेल्या, टाके ओढणाऱ्या, घाबरलेल्या बाईला उठवून तिच्या हातात टोपडं देतानाचा फोटो काढणं मला बरं वाटत नाही.

टोपड्याची रीत अशी. मघाचीच मध्यम बाळलोकर आणि १० नंबरच्या सुया. दीड किलोच्या आसपासच्या लेकराचं डोकं २८-२९ सेंटिमीटर असतं. टोपडं ताणून बसायला हवं, म्हणून घेर पंचवीसचा. ६४ टाके घाला. एक सुलट, एक उलट अशी तीन सेंटिमीटर पट्टी. मग सुलट बाजूने सुलट, उलट बाजूने उलट, एकूण उंची आठ सेंटिमीटर होईपर्यंत. आता कमी करायला लागा : सहा सुलट, दोनाचा एक, असं ओळभर. उलट बाजूची ओळ साधी. पुढच्या सुलट ओळीला पाच सुलट, दोनाचा एक. मग चार, तीन, असं उतरत उतरत सुईवर आठ टाके उरले की लोकर तोडून सुईने त्या आठांतून ओवा, आवळा, आणि त्याच लोकरीने मागची शिवण घाला.

पूर्ण दिवसांच्या लेकराला ८० टाके, सरळ उंची दहा सेंटिमीटर, आणि कमी करताना आठ सुलटने सुरुवात.

शिवण हा या टोपड्याचा जीव आहे. दोन काठ एकावर एक धरून जाड शिवण घातलीत तर लेकरू उताणं निजल्यावर ती दोरी डोक्याला रुतते. कमी दिवसांच्या लेकराची कातडी इतकी पातळ असते की तेवढ्यानेही वळ उठतो. काठाला काठ भिडवून, दोन्हीकडची एकेक आडवी तार उचलत शिवा. वरून बोट फिरवलं तर उंचवटा लागता कामा नये. लोकरीची टोकं आत निदान चार बोटं लपवा. शंका असेल तर टोपडं स्वतःच्या गालावर उलटं घासून बघा. आणि मापाची खात्री करायला घरातला असा सोललेला नारळ शोधा, की ज्याचा घेर पट्टीने २८ भरतो. त्यावर टोपडं चढवा. सरसर उतरलं तर सैल, ओढून चढवावं लागलं तर घट्ट. नारळ मग आमटीला वापरा.

जाळीची वीण नको, ऊब निघून जाते. गोंडा, फूल, रिबीन नको. विणून झाल्यावर साध्या साबणाने धुऊन, खळखळून, कडक उन्हात वाळवा आणि मापाप्रमाणे वेगवेगळ्या स्वच्छ पिशव्यांत भरून वर माप लिहा. रात्री दोन वाजता बारीक टोपडं शोधणाऱ्या सिस्टरचे हात वाचतील.

दुपट्यांचं विचारलंत, तर लोकरीची नकोत. क्रोशाच्या मोठ्या दुपट्याला तीनशे-चारशे ग्रॅम लोकर जाते आणि ते भिजलं की दीड-दोन किलोचं लोढणं होतं. ते धुवायला दोन बादल्या पाणी आणि वाळायला अख्खा दिवस. मिरजेहून रेल्वेने पाणी आणून प्यायलेल्या गावाला २०१६ ची आठवण मी काय द्यायची? दवाखान्यातून घरी गेलेली माय तांड्यावर, वस्तीवर, टँकरच्या रांगेत उभी असते. तेवढ्याच लोकरीत दहा-बारा टोपडी होतात.

राहिले परतलेले स्वेटर. ते मोठ्या बाळांच्या मापाचे असतील तर हिवाळ्यात बाळंतिणीला घरी सोडताना उपयोगी पडतात. तसं सिस्टरना विचारून ठेवा. अगदी बाहुलीच्या मापाचे असतील तर सरळ उसवा. लोकर कुठे जात नाही.

■ मी बीएस्सीला आहे, क्रोशे मोबाइलवर बघून शिकले. परदेशात कमी दिवसांच्या बाळांना क्रोशेचा ऑक्टोपस देतात, त्याने बाळ शांत राहतं असं पाहिलं. आमच्याकडे द्यायचे आहेत. सोबत हातमोजेही करू का?
— नांदेड

ही कल्पना डेन्मार्कमधली, २०१३ सालची. ऑक्टोपसच्या पिळदार पायांना धरलं की लेकराला पोटातली नाळ धरल्यासारखं वाटतं, मग ते नळ्या ओढत नाही, असा समज. गोष्ट गोड आहे, आयांना ती आवडते, पण तिला वैद्यकीय पुराव्याचा भक्कम आधार नाही. आणि पहिल्या वर्षात लेकराच्या झोपायच्या जागी मऊ खेळणं ठेवू नये, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, कारण ते तोंडावर येऊन श्वास कोंडू शकतो. म्हणून डॉक्टरांनी स्वतः मागितल्याशिवाय नेऊन देऊ नकोस.

हौस असेल तर घरच्या, जरा मोठ्या भाच्यासाठी कर. शंभर टक्के सुती दोरा घे, कारण खेळणं गरम पाण्यात धुता आलं पाहिजे. टाके इतके दाट, की आतला कापूस दिसता कामा नये. पाय ताणून २२ सेंटिमीटरच्या वर जाऊ नयेत, नाहीतर ते मानेभोवती, बोटांभोवती गुंडाळतात. डेन्मार्कमध्ये हे ऑक्टोपस सुरू करणाऱ्यांनीही हाच नियम ठेवला आहे. डोळे दोऱ्याने भर. बाजारात मिळणारे प्लॅस्टिकचे डोळे, मागे चकती असली तरी, तीन वर्षांच्या आतल्या लेकराच्या खेळण्याला लावू नयेत.

हातमोज्यांना माझा साफ नकार आहे. आतल्या बाजूला एखादा धागा सुटा राहतो, लेकराच्या बोटाला वेढा बसतो, ते हात हलवतं तसा तो आवळत जातो. मोजा घातलेला, त्यामुळे बोट सुजलेलं कुणाला दिसत नाही. बोट जायची पाळी येते. नखं लागतात म्हणून मोजे घालतात ना? मग लेकरू निजल्यावर नखं कापावीत. पायमोजेसुद्धा घालायच्या आधी दर वेळी उलटे करून बघायचे.

■ सासूबाई बाळासाठी सारखं विणतात. पण त्यांच्या स्वेटरने बाळाच्या मानेवर लाल पुरळ येतं. सांगितलं तर वाईट वाटेल, न सांगावं तर बाळाला त्रास. काय करू?
— एक सून, हिंगोली

सासूबाईंना बाळाची मान दाखव. काही बोलू नकोस, फक्त दाखव. नातवाच्या मानेवरचं पुरळ बघून जिचा स्वतःच्या स्वेटरचा अभिमान टिकतो अशी आजी मी मराठवाड्यात पाहिलेली नाही.

मग दोघी मिळून स्वेटरच्या गळ्याला आतून मलमलची पट्टी लावा, आत कॉलरचं सुती झबलं घाला, आणि नवा स्वेटर अंग धुवायच्या साबणाच्या पाण्यात बुडवून काढा. बऱ्याचदा दोष लोकरीचा नसतो, धुण्याच्या पावडरचा असतो; ती नीट खळाळली जात नाही. एवढं करूनही पुरळ गेलं नाही तर डॉक्टरांना दाखव. सासूबाईंना पुढची लोकर घेताना दुकानात गुंडा गालाला लावून बघायला सांग. आणि त्यांना काम हवं असेल तर त्यांच्याकडे बाळासाठी सुती टोपडी माग. हात रिकामा बसला की जास्त त्रास होईल, तुलाही.

■ मी केज तालुक्यात शिक्षिका आहे. आमच्या गावातली निम्मी घरं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. शाळेतली मोठी मुलं आजी-आजोबांजवळ नाहीतर हंगामी वसतिगृहात राहतात, तान्ही लेकरं मात्र आईबरोबर जातात. पुढच्या वर्षी निघण्याआधी त्यांना विणलेलं काही द्यावं असं आम्हा शिक्षिकांच्या मनात आहे.
— केज, जि. बीड

बाई, पत्र वेळेवर लिहिलंत. बहुतेकांना दान जानेवारीत आठवतं, तोवर टोळ्या सांगली-कोल्हापूरच्या फडात असतात आणि इथे वाटायला म्हाताऱ्याच उरतात. तुमच्या हाती आता पुढच्या दसऱ्यापर्यंतचा वेळ आहे.

ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. पहाटे अंधारात दोघं फडात; लेकरू कोपीत थोरल्या बहिणीपाशी, नाहीतर फडाच्या कडेला साडीच्या झोळीत. कोपी पाचटाची, चटयांची, वरून ताडपत्री. चूल दाराशी, थंडी फार असली तर आतच. शेकोटी तर रोजचीच. हे डोळ्यांपुढे ठेवून विणायला बसा.

बाजारातली स्वस्त लोकर म्हणजे ॲक्रिलिक. धुवायला सोपी, रंग पक्का, कसर लागत नाही. दवाखान्यात, घरात चालते. पण ती पेटली की वितळते आणि तापलेल्या डांबरासारखी कातडीला चिकटते. चुलीशी रांगणाऱ्या लेकराला ती मी घालणार नाही. खऱ्या मेंढीच्या लोकरीला आग पटकन लागत नाही आणि ती वितळत नाही. सूत भुरकन पेटतं, पण तेही वितळून चिकटत नाही. हातातली लोकर कोणती हे ओळखायचं असेल तर बोटभर धागा चिमट्यात धरून पेटवा. केस जळाल्याचा वास आणि बोटांनी चुरगळणारी राख म्हणजे खरी लोकर. कागद जळाल्याचा वास आणि पांढुरकी राख म्हणजे सूत. टोकाला कडक काळा मणी झाला की ॲक्रिलिक. तो मणी गार होईस्तोवर हात लावू नका.

खरी लोकर महाग आहे, शिक्षिकांच्या वर्गणीत बसणार नाही. पण गावातल्या निवृत्त गुरुजींच्या, फौजेतून आलेल्यांच्या, तलाठ्यांच्या पेट्यांत जुने शुद्ध लोकरीचे स्वेटर पडलेले असतात. ते मागा. शिवणी उसवा, गळ्याकडून धागा ओढत खुर्चीच्या पाठीला गुंडाळत लडी करा, चार जागी सैल बांधा. कोमट पाण्यात बुडवा, पिळू नका, सावलीत टांगून खाली तांब्या अडकवा. वाळल्यावर धाग्याची वळणं सरळ झालेली असतील. एका गड्याच्या स्वेटरमध्ये तान्ह्या लेकराचे दोन स्वेटर आणि दोन कानटोप्या आरामात निघतात.

कानटोपीची पट्टी लांब ठेवा, कानावरून मानेपर्यंत उतरेल अशी, म्हणजे बंदाची गरज पडत नाही. झोळीत बंद कशात तरी अडकतो. स्वेटर एक माप मोठा, समोरून उघडा, साधी दाट वीण. जाळीत पाचटाचा कचरा अडकून टोचतो. रंग मातकट, मरून, गडद हिरवा. पांढऱ्या शुभ्र स्वेटरने फडात काम करणाऱ्या बाईच्या मागे धुणं लावू नका.

आणि पांघरायला वाकळच द्या. विणकामाच्या सदरात मी हे लिहिते याचं कुणाला नवल वाटेल. जुन्या सुती साड्यांचे चार-पाच थर, वर दोऱ्याचे धावते टाके. खाली अंथरता येते, ओल शोषते, दगडावर आपटून धुता येते. गावातल्या म्हाताऱ्यांना ते टाके घालता येतात आणि त्यांच्यापाशी वेळही आहे. तुम्ही साड्या गोळा करा, त्यांना शिलाई द्या. फुकट करवून घेऊ नका.

■ एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालो. मुलीच्या बाळासाठी मोजे विणायला शिकलो, तर मित्र हसतात. गड्यानं विणावं का?
— जिंतूर

विणावं की! युरोपात सुयांवर विणणाऱ्या कारागिरांचे संघ होते तेव्हा त्यांत गडीच असत. आणि तुमच्यासारखा माणूस टाके मोजण्यात चुकणार नाही. धावत्या गाडीत माणसं मोजलीत तुम्ही. मोज्याची पट्टी पाच सेंटिमीटर उंच ठेवा, एक सुलट एक उलट. आखूड मोजा लाथ मारताच निघून जातो. हसणाऱ्या मित्रांना नातवंडं आहेत का, ते कळवा. त्यांनाही एकेक जोड विणून द्या, हसणं आपोआप थांबेल.

■ माझ्या मुलासाठी त्याच्या आजीने विणलेला स्वेटर, टोपडं आणि कुंची मी पेटीत जपून ठेवली आहे, डांबरगोळ्या घालून. एका धाग्यालाही कसर लागली नाही. आता त्याला बाळ होणार आहे, पुढच्या आठवड्यात तारीख आहे. दवाखान्यातून घरी आणताना तेच कपडे घालायचं ठरवलंय. धुवायला मन होत नाही, त्याला आजीच्या हाताचा वास आहे.
— उदगीर

तुमचं पत्र मी वर घ्यायला सांगितलं होतं, पण मासिकाची वाट पाहण्याइतका वेळ नव्हता म्हणून आधीच फोन करवला. इथे छापते ते इतरांसाठी.

तो वास डांबरगोळीचा आहे. ती गोळी म्हणजे नॅफ्थलीन. त्याची वाफ कपड्यात मुरते आणि लेकराच्या श्वासातून, कातडीतून अंगात जाते. काही लेकरांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं द्रव्य जन्मतःच कमी असतं. घरच्यांना त्याचा पत्ता नसतो, लेकरू दिसायला ठणठणीत. अशा लेकराला नॅफ्थलीन लागलं की तांबड्या पेशी फुटतात, रक्त कमी होतं, कावीळ इतकी चढते की डोक्याला इजा होऊ शकते. हा दोष मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये जास्त आढळतो. पेटीतून काढून थेट अंगावर घातलेल्या कपड्यांनी आणि पांघरुणांनी असं घडल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत.

तेव्हा घरी आणताना नवं, धुतलेलं सुती झबलं आणि साधं टोपडं. आजीचे कपडे आज बाहेर काढा. कोमट पाणी आणि सौम्य साबण यांत दोन-तीनदा धुवा, खळाळा, मग बाळाच्या खोलीपासून लांब, वाऱ्यावर टांगा. लोकर खरी असेल तर कडक उन्हात नको, सावलीत. नाक लावून वास येतोय तोवर वारा देत राहा. आठवडे लागले तरी चालतील. पहिले काही महिने ते बाळाला घालूच नका. तोवर टोपडं लहान होईल हे मला कळतंय. स्वेटर बसेल, आजीने नक्कीच थोडा मोठा विणला असणार.

पेटीतल्या बाकीच्या गोळ्याही काढून टाका, बाळंतिणीच्या खोलीत ती पेटी ठेवू नका. कसरीसाठी धुऊन पूर्ण वाळवलेले कपडे सुती पिशवीत बांधा, आत वाळलेला कडुलिंबाचा पाला घाला आणि दर दोन-तीन महिन्यांनी झटकून हवेला लावा. ॲक्रिलिकला तर कसर लागतच नाही, त्याला गोळ्या घालणं म्हणजे पैसे देऊन विषाचा वास विकत घेणं. बाळ झालं की कळवा, आणि जन्मल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत डोळे किंवा अंग पिवळं दिसलं तर कुणी काही म्हणो, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि डांबरगोळ्यांचं त्यांच्या कानावर घाला.